इन्फ्लुएंझा आणि प्रतिजैविके : एका गैरसमजाचा इतिहास

इन्फ्लुएंझाच्या साथीत प्रतिबंधक उपाय म्हणून प्रतिजैविके घेण्याची प्रवृत्ती सुशिक्षित वर्गातही आढळते. तिला निव्वळ अज्ञान म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. फ्लू हा जिवाणूजन्य रोग आहे, असे एकेकाळी वैद्यकशास्त्रच मानत होते. त्या मताचा उदय व अस्त प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

इ.स. १८८९ मध्ये सुरू झालेल्या जागतिक साथीच्या काळात, १८९२ साली, रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर यांनी बर्लिन येथे रुग्णांच्या कफात एक दंडाकार जिवाणू आढळल्याचे व तोच रोगाचे कारण असल्याचे जाहीर केले. कॉख यांच्या संस्थेच्या प्रतिष्ठेमुळे हे मत पाव शतक टिकले. १९१८ च्या साथीत मात्र कित्येक रुग्णांत तो जिवाणू सापडेना. जून १९१८ मध्ये मुंबईत प्रकटलेल्या या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले, असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. फायफरच्या जिवाणूपासून बनविलेल्या लसी त्या काळी अनेक देशांत टोचल्या गेल्या. साथ त्यांनी थोपली नाही.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा १९२९ चा पेनिसिलिनविषयक निबंध या दृष्टीने उद्बोधक आहे. पेनिसिलिनने अनेक जिवाणू मरत, परंतु फायफरचा जिवाणू मरत नसे. म्हणून इतर जिवाणूंच्या गर्दीतून तो वेगळा काढण्यासाठी पेनिसिलिन वापरावे, असे फ्लेमिंग यांनी सुचविले; निबंधाच्या शीर्षकातच तसा उल्लेख आहे. पेनिसिलिनच्या गौरवगाथेत ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

१९३३ मध्ये लंडन येथे विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लूच्या रुग्णांच्या घशातील स्राव जिवाणू अडविणाऱ्या गाळणीतून गाळून फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात घातला. प्राणी आजारी पडले. रोगकारक विषाणू आहे, हे यावरून सिद्ध झाले. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर आघात करते, तर अन्य कित्येक प्रतिजैविके त्याच्या प्रथिननिर्मितीच्या यंत्रणेवर. विषाणूला पेशीभित्तिकाही नाही आणि स्वतःची अशी यंत्रणाही नाही. तो मानवी पेशीचीच यंत्रणा वापरून वाढतो. साहजिकच प्रतिजैविकाला आघात करण्यास तेथे जागाच उरत नाही.

तरीही गैरसमज टिकला, यामागे एक अर्धसत्य आहे. फ्लूने दुबळ्या झालेल्या फुप्फुसात जिवाणूंमुळे न्यूमोनिया होतो. १९१८ मधील बहुसंख्य मृत्यू अशा न्यूमोनियानेच झाले, असा निष्कर्ष २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी जतन केलेल्या फुप्फुस-ऊतींच्या तपासणीतून व जुन्या शवविच्छेदन-अहवालांवरून मांडला. १९४० नंतर पेनिसिलिनने असे रुग्ण वाचू लागले आणि न्यूमोनियावरील यशाचे श्रेय लोकमानसात फ्लूवरील औषधाला मिळाले. परंतु झालेल्या न्यूमोनियावर उपचार करणे वेगळे आणि निरोगी माणसाने आधीच गोळ्या घेणे वेगळे. नंतरच्या प्रकारात विषाणू अबाधित राहतो; शरीरातील निरुपद्रवी जिवाणू मात्र मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात व वाढतात. १९५७ च्या आशियाई फ्लूच्या साथीत न्यूमोनिया घडविणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंपैकी अनेकांवर पेनिसिलिनचा प्रभाव पडेनासा झाला होता. तेव्हा ते औषध सर्रास वापरात येऊन जेमतेम एक तप लोटले होते.