तबकडीवरचे नाटक आणि देवळातला दहीकाला



तुळशीची लग्ने उरकली की आपल्या मुलखात जत्रांचे दिवस सुरू होतात. देवाची पालखी फिरून झाली, केळी ठेवून झाल्या, की मध्यरात्रीच्या सुमारास सभामंडपात पेटीचा सूर निघतो, मृदंगावर थाप पडते, आणि पोरेसोरे पेंगुळलेले डोळे चोळीत पुढे सरकतात. हे मी तुम्हांला सांगणे म्हणजे मालवणात मासळीचे वर्णन करण्यासारखे आहे. तरी सुरुवात तिथूनच करतो, कारण आजचा विषय ऐकून काही मंडळींनी कपाळाला आठ्या घातल्या आहेत असे मला दिसते. विलायतेतल्या रॉक बँडांनी तबकडीवरच्या गाण्यांचे रंगमंचावर नाटक कसे केले, या गोष्टीशी वेंगुर्ल्या-मालवणच्या माणसाला काय कर्तव्य? माझे म्हणणे असे की, ही गोष्ट समजून घ्यायला दशावतार पाहिलेल्या माणसाइतका योग्य श्रोता दुसरा मिळणार नाही.

आधी तबकडीचे बघू. जुनी तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घ्यायची आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे वाजायची. तेवढ्या वेळात नाटक मावत नाही, एक पद कसेबसे मावते. बालगंधर्वांची पदे घराघरांत गेली ती अशी सुटी सुटी होऊन. ‘स्वयंवर’ नाटक १९१६ साली रंगभूमीवर आले, पण ज्यांनी ते कधी पाहिले नाही अशा हजारो लोकांना त्यातली पदे पाठ होती. रुक्मिणी ते पद कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून म्हणते, हे मात्र विचारू नये. तबकडीने नाट्यपद दूरवर पोचवले आणि त्याच हाताने ते नाटकापासून तोडले.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने सावकाश फिरणारी, बारीक खाचांची लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे. एवढी जागा मिळाल्यावर गाणारांच्या मनात येणारच की, दहा-बारा गाणी नुसती शेजारी शेजारी ठेवण्याऐवजी एका सूत्रात ओवावीत, आणि सगळ्यांची मिळून एक गोष्ट व्हावी. याला तिकडे ‘कॉन्सेप्ट अल्बम’ म्हणू लागले.

आता गंमत पाहा. अशी माळ आपल्याकडे आधीच ओवून झाली होती, आणि तीही तबकडीसाठी नव्हे, आकाशवाणीसाठी. सीताकांत लाड हे पुणे केंद्रावर होते. त्यांच्या आग्रहावरून माडगूळकरांनी ‘गीतरामायण’ लिहायला घेतले आणि १ एप्रिल १९५५ या रामनवमीपासून आठवड्याला एक याप्रमाणे ते प्रसारित झाले. वर्षाची बावन्न व्हायची ती त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे छप्पन्न झाली. म्हणजे पंचांगाने चार गाणी वाढवून दिली! रेडिओवर निरनिराळ्या पात्रांची गाणी निरनिराळ्या गायकांनी म्हटली. पुढे सुधीर फडके पेटी घेऊन एकटे बसले आणि राम, सीता, कौसल्या, हनुमान सारे त्यांनीच गायले. वेष नाही, पडदा नाही. आपल्या श्रोत्यांना त्याचे नवल वाटले नाही, कारण एका माणसाने सगळी पात्रे व्हायचे हे आपण कीर्तनात शतकानुशतके पाहत आलो.

विलायतेत या गोष्टीचे फार नवल झाले. ‘द हू’ हा लंडनचा चौघांचा बँड. विजेची गिटार, कानठळ्या बसवणारे ड्रम, आणि कार्यक्रमाच्या शेवटी वाद्ये आपटून फोडायची खोड. त्यातला गिटार वाजवणारा पीट टाउनशेंड याने १९६९ साली ‘टॉमी’ ही दोन तबकड्यांची गोष्ट रचली. लहानपणी डोळ्यांदेखत घडलेल्या एका हत्येने आंधळा, बहिरा आणि मुका झालेल्या मुलाची ती कथा आहे. ही कल्पना त्याच्या मनात रुजली तिचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात येतो. टाउनशेंड हा मेहेरबाबांचा अनुयायी. १८९४ साली पुण्यात जन्मलेल्या आणि अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) राहिलेल्या मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. त्यानंतर चारच महिन्यांनी ‘टॉमी’ बाहेर आली आणि तिच्या वेष्टनावर ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबांचे नाव छापलेले होते. न बोलणाऱ्या गुरूच्या शिष्याने न बोलणाऱ्या मुलाची गोष्ट लिहावी, आणि तीही जगातल्या सर्वांत गोंगाटाच्या बँडासाठी! असे योग इतिहासात घडतात. मुद्दाम कल्पून काढावेत तर खोटे वाटतील.

‘टॉमी’ त्यांनी रंगमंचावर कशी केली? काही न करता. चौघे आपापल्या जागी उभे राहिले आणि जवळजवळ सारी कथा ओळीने गाऊन टाकली. टॉमी तोच, त्याची आई तोच गाणारा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत वुडस्टॉकच्या उघड्या माळावरच्या महोत्सवात त्यांची पाळी आली तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. कथेच्या शेवटच्या गाण्याला सूर्य उगवला. त्या लाखो तरुणांना ते दृश्य जन्मभर पुरले म्हणतात. मला ते वाचून नवल वाटले नाही. रात्रभर आख्यान ऐकावे आणि उजाडता उजाडता ते संपावे, यात आपल्या नेरुर-आकेरीच्या माणसाला अपूर्वाई ती काय?

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. टिम राइस आणि अँड्र्यू लॉइड वेबर या दोन इंग्रज तरुणांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ रचले, पण येशूच्या अखेरच्या दिवसांवरचे रॉक संगीत रंगमंचावर आणायला निर्माता मिळेना. तेव्हा त्यांनी १९७० साली आधी तबकडी काढली. त्यात गद्य संवाद नाही, आरंभापासून शेवटापर्यंत सारे गाणे. तबकडी गाजली तेव्हा १९७१ मध्ये न्यूयॉर्कला तिचे नाटक झाले. आधी गाणी, मग तबकडी, मग नाटक: नेहमीचा क्रम उलटा झाला.

हेच नाटक अलेक पदमसी यांनी १९७४ साली मुंबईत इंग्रजीत केले आणि त्यासाठी शहरातल्या रॉक बँडांतली गाणारी-वाजवणारी मुले गोळा केली. या नाटकात गुरूशी दगा करणारा ज्यूडास हाच खरा प्रश्न विचारणारा आहे, कथा बरीचशी त्याच्या डोळ्यांनी दिसते. तो ज्यूडास गायला नंदू भेंडे याने. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. आत्मारामपंत म्हणजे बबन प्रभूंच्या फार्सांनी महाराष्ट्राला हसवून बेजार करणारे नट-दिग्दर्शक. मराठी नाटकाच्या घरात जन्मलेला मुलगा गायक नट झाला खरा, पण इंग्रजी रंगमंचावर.

येथे थोडे थांबायला हवे. असे का व्हावे? सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा पदे म्हणायचा सूत्रधार. पात्रे वेळेवर सुचेल ते गद्य बोलायची. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणले, आणि पद ज्याचे त्याच्या तोंडी दिले. हा केवढा बदल! गाणे कथेच्या बाहेर उभे होते ते पात्राच्या गळ्यात आले. पुढची पन्नास वर्षे मराठी नट म्हणजे गाणारा नट. पुढे गाणे इतके वाढले की वन्समोअरच्या गजरात नाटक पहाटेपर्यंत लांबू लागले, आणि गाण्याने नाटक गिळले अशी रास्त तक्रार सुरू झाली. बोलपट आले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केले आणि गद्य, आटोपशीर नाटकाची वाट रुंद झाली. ते आवश्यक होते, मी नाही म्हणत नाही. मात्र पाण्याबरोबर मूलही वाहून गेले की काय, असा प्रश्न ज्यूडास गाणाऱ्या भेंड्यांच्या मुलाकडे पाहून मला पडतो. संगीत नाटके चालू राहिली, चांगली चालली. पण नव्या काळचा राग, चीड, संशय गाऊन दाखवणाऱ्या तरुण नटाला आपल्या रंगभूमीवर जागा फारशी उरली नव्हती.

ती जागा पुण्याच्या मंडळींनी परत करून दिली. १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ आले: तेंडुलकरांचे नाटक, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत. त्यात ब्राह्मणांची एक रांग गात, डुलत उभी राहते. तीच पडदा होते, तीच भिंत होते, आणि मागचे पाप झाकते. या माणसांच्या भिंतीचे नाते आपल्या कोकणातल्या खेळ्यांशी आणि दशावताराशी जोडले जाते. मग १९७८ साली थिएटर अकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. ब्रेख्तच्या १९२८ च्या नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी तो रचला, दिग्दर्शन पुन्हा पटेलांचे, आणि त्यातला दरोडेखोर नायक झाला नंदू भेंडे. तमाशाचा बाज, नाट्यसंगीताचा बाज आणि विलायती रॉक एका मंचावर सुखाने नांदले. मुलगा परक्या दारातून घरी परत आला म्हणायचा.

जाता जाता एक योगायोग. ब्रेख्तचे नाटक ज्यावरून उचलले ते जॉन गे याचे ‘बेगर्स ऑपेरा’ लंडनला १७२८ साली झाले. आणि आपल्याकडे दशावतार शामजी नाईक काळे यांनी कर्नाटकातून कोकणात आणला त्याचे साल परंपरा सांगते तेही १७२८! परंपरेचे साल मी डोळे मिटून मान्य करणार नाही, कारण त्याच्या आधीच्या शतकात रामदासांनी ‘दासबोधा’त दशावतारी खेळाचा उल्लेख केलेला आहे. पण दोन सालांची जोडी मला आवडते.

आता त्या दुसऱ्या भिंतीकडे येऊ. ‘पिंक फ्लॉइड’ नावाचा इंग्रज बँड. १९७७ च्या जुलैत माँट्रियलच्या अवाढव्य क्रीडांगणावर त्यांचा कार्यक्रम चालू असता पुढची मंडळी आरडाओरडा करू लागली आणि गायक रॉजर वॉटर्स याने चिडून एका श्रोत्यावर थुंकले. नंतर त्याची त्यालाच शरम वाटली. आपण आणि श्रोते यांच्यामध्ये भिंत उभी राहिली आहे असे त्याला जाणवले, आणि त्यातून १९७९ सालची ‘द वॉल’ ही तबकडी निघाली. १९८० आणि ८१ साली त्यांनी ती रंगमंचावर केली, ती अक्षरशः. बँड गात असताना कामगार पुठ्ठ्याच्या प्रचंड विटा रचीत जायचे. मध्यंतरापर्यंत भिंत पुरी व्हायची आणि वाजवणारे तिच्या आड दिसेनासे व्हायचे. शेवटी ती कोसळायची. खर्च एवढा की चारच शहरांत, एकतीस प्रयोगांवर थांबावे लागले. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच आहे. विटा वेळेत रचून होतीलच असे नसे. तेव्हा शेवटच्या विटा बसेपर्यंत बँड तबकडीवर नसलेले काही वाजवीत राही. एवढ्या यंत्रतंत्रात ती तेवढी जागा मोकळी होती, आणि तिथे ते आमच्या पेटीवाल्याच्या जवळ आले! आत राजाचा किरीट नीट बसेना, तर आमचा पेटीवाला आणि मृदंगवाला काय करतात?

फरक आहे तो येथे आहे. तबकडीवरून नाटक पाहायला येणाऱ्याला सूर न् सूर पाठ असतो. तो आज काय झाले हे पाहत नाही, तबकडीसारखे झाले की नाही हे पाहतो. म्हणून त्या मंचावर नटाला फार इकडे तिकडे करता येत नाही. दशावताराच्या प्रेक्षकालाही सारे ठाऊक असते, पण त्याला ठाऊक असते ती कथा. संकासुर वेद पळवणार आणि विष्णू त्याला मारणार हे शेंबडे पोरही जाणते. संवाद लिहिलेले नाहीत. खेळापूर्वी आख्यान कुठले ते ठरते आणि नट पेटाऱ्यातून वेष काढून उभा राहतो. एक लाकडी बाकडे. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच अरण्य. काळा झगा, लाल जीभ लोंबणारा संकासुर मालवणीत काय बोलेल हे त्यालाही आधी माहीत नसते. गावच्या सरपंचापासून जत्रेतल्या खाजेवाल्यापर्यंत कोणीही त्यात सापडतो. विलायतेत ज्यूडासला जे भाग्य १९७० साली लाभले, म्हणजे खलपुरुषाने प्रेक्षकांना आपल्या बाजूला घेणे, ते आमच्या संकासुराने केव्हाच मिळवले आहे.

‘द वॉल’चे प्रयोग चालू होते त्याच १९८० साली मुंबईत गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ आले आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली महाराष्ट्रभर नेली. गावात पौराणिक नाटक बसवताना होणारी त्रेधा हाच त्याचा विषय. पुढच्याच वर्षी, १ मे १९८१ ला, आपला जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला. जिल्ह्याच्या आधी एक वर्ष जिल्ह्याची भाषा रंगमंचावर दाखल झाली होती.

आता एक बोचरी गोष्ट, आणि ती आपल्याच अंगणातली. अलीकडे फलकांवर ‘ट्रिकसीनयुक्त दशावतार’ असे ठळक अक्षरांत असते. धूर येतो, नाग फणा काढतो, दिवे रंग बदलतात. मी त्याला नाक मुरडणारा नाही. लोकांना आवडते, कंपनीचे पोट चालते, आणि विष्णुदास भाव्यांनाही राक्षसांच्या आरोळ्या वर्ज्य नव्हत्या. परंतु नाग ठरल्या क्षणी निघायचा म्हटले की नटाला ठरल्या क्षणी थांबावे लागते. वीस मिनिटे रंगलेला वाद पाच मिनिटांत आटपावा लागतो. आणि पार्श्वसंगीत यंत्रातून येऊ लागले, की पेटीवाल्याने नटाच्या तोंडाकडे बघत बसायचे कारण उरत नाही. तिकडच्या बँडांनी लाखो रुपये ओतून जे बंधन गळ्यात बांधून घेतले ते आपण उसनवारीने का आणावे, हे मला कळलेले नाही. कंपनीच्या मालकांनी ते मला समजावून सांगावे. त्यांची बाजू असेल, आणि तिकिटाशिवाय रात्र काढणाऱ्या आपण प्रेक्षकांनी ती ऐकलीही पाहिजे.

गेल्या मोसमात एका जत्रेला मी पहाटेपर्यंत बसलो होतो. तिथे धूर नव्हता, नाग नव्हता. राजा आणि त्याचा रुसलेला भाऊ यांचा वाद एवढा रंगला की दोघांपैकी कोणी मागे हटेना. पेटीवाला म्हातारा, डोळ्यांवर झोप. पण भावाने स्वर चढवला की त्याची बोटे आपोआप वर सरकत आणि मृदंगवाला त्याच्याकडे बघून हसे. पूर्वेला फटफटले तरी वाद मिटेना. शेवटी देवळाच्या मानकऱ्यांनी पुढे येऊन हात जोडले आणि हंडी बांधायची आहे अशी आठवण दिली. राजाने तेवढ्यातल्या तेवढ्यात ती आठवणसुद्धा संवादात घेतली, भावाला मिठी मारली, आणि दोघे तोंडाचा रंग तसाच घेऊन दहीकाल्याला गेले.