खोकला, पॅड आणि तराजू

खोकलं, शिंकलं, भरला हंडा उचलला की लघवीचे थेंब गळतात, हे आपल्या बचतगटात कुणी मोठ्यानं बोलत नाही. ‘बाळंतपणं झाली, आता असंच चालायचं,’ म्हणून आपण कामाला लागतो. पण हे गळणं ओळखायचं कसं, मोजायचं कसं, यावर डॉक्टर मंडळी शंभर वर्षं डोकं चालवताहेत. आज त्याचीच गोष्ट.

१९२३ साली लंडनचे डॉक्टर व्हिक्टर बॉनी यांनी या त्रासावर लिहिलं. त्यांच्या नावाची तपासणी अशी : बाईला खोकायला लावायचं, लघवी गळली की दोन बोटांनी मूत्राशयाच्या तोंडाजवळचा भाग उचलून धरायचा आणि पुन्हा खोकायला सांगायचं. गळणं थांबलं तर ऑपरेशनचा उपयोग होईल असं समजत. पुढं मोजून पाहिलं तेव्हा कळलं, की ती बोटं लघवीची वाटच दाबून बंद करत होती!

१९४८ साली अमेरिकेत डॉ. अर्नोल्ड केगल यांनी दाबमापक दाखवला. योनीमार्गात रबरी भाग ठेवायचा आणि स्नायू आवळायचे. किती जोर लागला ते काट्यावर दिसे, आणि तो काटा बाईला स्वतःलाही दिसे. आम्हाला हे फार आवडलं.

मग आला तराजू. १९८१ मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी पॅड वजन करून गळती मोजली. त्यातून तासाभराची ठरावीक परीक्षा तयार झाली. अर्धा लिटर पाणी प्यायचं, चालायचं, जिने चढायचे, दहा वेळा बसून उठायचं, दहा वेळा खोकायचं, वाकून वस्तू उचलायची, शेवटी वाहत्या पाण्यात हात धुवायचे. पॅडचं वजन एक ग्रॅमहून जास्त वाढलं, तर गळती आहे. (आपण तर हे सगळं सकाळी नऊच्या आत करतो, तेही बिनवजनाचं.)

नंतर नळी घालून दाब मोजणारी यंत्रं आली. ऑपरेशनआधी ती हवीतच, असं मानलं जाई. २०१२ साली अमेरिकेतल्या ६३० बायकांचा अभ्यास छापून आला. खोकताना गळती स्पष्ट दिसणाऱ्या, दुसरी गुंतागुंत नसलेल्या या बायका. यंत्राची तपासणी झालेल्या असोत की फक्त साधी, वर्षानंतर दोन्हीकडं शंभरातल्या सुमारे ७७ जणींना गुण आला होता. आधी ऑपरेशन झालेलं असेल किंवा लघवी नीट सुटत नसेल, तर मात्र यंत्र लागू शकतं.

साध्या तपासणीत खोकून दाखवायचं असतं, आणि त्याला मूत्राशय भरलेलं लागतं. तेव्हा दवाखान्यात पोचल्या पोचल्या मोकळं व्हायला जाऊ नका, आधी नर्सताईंना विचारा.