राहत्या घराचा इतिहास

सातवीच्या वर्गात उर्दूच्या तासाला 'सहन' हा शब्द आला की मुले हसतात. मराठीत सहन म्हणजे सोसणे, उर्दूत सहन म्हणजे अंगण. मूळ शब्द अरबी. मग मी विचारतो, तुमच्यापैकी किती जणांच्या घराला अंगण आहे? चार-पाच हात वर येतात. इमारत, मजला, हौद, तावदान हे शब्दही अरबी-फारसीतूनच मराठी घरात आले आणि मुक्कामाला राहिले. अंगण मात्र गेले.

दर मे महिन्यात आमच्या घरी एकच वाद होतो. अम्मी म्हणते, जुन्या माळवदाच्या घरात दुपारी निवांत डोळा लागायचा. या स्लॅबच्या घरात मध्यरात्र उलटली तरी भिंती तापलेल्याच. तिचे खरे आहे. पण अब्बांनी ते घर हौसेने पाडले नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. मातीच्या घराची जी धास्ती तेव्हा बसली, ती आमच्या भागात अजून आहे. आता वरचा मजला बांधायचा घाट घातला आहे आणि वाद पुन्हा निघाला आहे. अशा वेळी मला इजिप्तचे वास्तुविशारद हसन फतही आठवतात.

फतहींचा जन्म १९०० सालचा, अलेक्झांड्रियाचा. शिक्षण कैरोत. दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमध्ये पोलाद आणि लाकूड मिळेनासे झाले. मातीच्या विटांच्या भिंती उभ्या राहत, अडत होते ते छतापाशी. लाकडी आधाराशिवाय कमानदार छत घालण्याचे त्यांचे पहिले प्रयत्न कोसळले. मग १९४१ मध्ये ते दक्षिणेला अस्वानकडे गेले. तिथले नूबी गवंडी खाली एकही फळी न लावता विटांचे छत बांधत होते. पहिली ओळ मागच्या भिंतीला तिरकी टेकवायची आणि पुढची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर रेलवायची. विटेत पेंढा जास्त घालून ती हलकी करायची, तिच्या अंगावर बोटांनी चर ओढायचे, म्हणजे ओला चिखल तिला धरून ठेवतो. बास, एवढेच. ही विद्या कैरोच्या कॉलेजात कुणी शिकवली नव्हती.

दुसरा धडा त्यांना कैरोच्याच जुन्या घरांनी दिला. मामलुक काळातल्या त्या घरांच्या छतावर 'मलकफ' असे. हा उंच हवाझोत उत्तरेकडे तोंड करून गार वारा पकडी आणि खाली दिवाणखान्यात सोडी. तापलेली हवा मधल्या उंच छताच्या झरोक्यांतून बाहेर पडे. खिडक्यांना 'मशरबिया' म्हणजे लाकडी जाळी असे. ती ऊन अडवी, वारा आत येऊ देई आणि घरातल्या बायकांचा पडदाही राखी. रात्रीची गार हवा सहनमध्ये साठून राही आणि सकाळी उशिरापर्यंत खोल्यांना पुरे. विजेचा एक दिवाही न लावता हे सारे चालत असे.

हे निव्वळ जुन्याचे कौतुक नव्हते. १९६४ मध्ये कैरोत दोन नमुना-खोल्या बांधून तापमान मोजले गेले. एक मातीच्या विटांची, ५० सेंटिमीटर जाड भिंतींची. दुसरी तयार काँक्रीटच्या १० सेंटिमीटर जाडीच्या फळ्यांची. मार्चच्या एका दिवशी मातीच्या खोलीतले तापमान चोवीस तास २१ ते २३ अंशांच्या दरम्यान राहिले. काँक्रीटची खोली ३६ अंशांपर्यंत तापली, म्हणजे बाहेरच्या हवेहूनही ९ अंश जास्त. अम्मीला हे आकडे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "यासाठी मोजायला कशाला हवं?"

पण फतहींची गोष्ट इथे संपत नाही. १९४५ मध्ये सरकारी पुरातत्त्व खात्याने त्यांच्यावर एक काम सोपवले. लक्झरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर गुर्ना गावचे लोक प्राचीन थडग्यांवर घरे बांधून राहत होते. थडग्यांतल्या चोऱ्या थांबवण्यासाठी सरकारला ते गाव हलवायचे होते. फतहींनी नवे गुर्ना आखले. मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह आणि अंगणांची गार घरे. लोक मात्र यायला तयार झाले नाहीत. १९४८ मध्ये काम अर्धवट थांबले. गावकऱ्यांची रोजीरोटी जुन्या जागेशी बांधलेली होती. शिवाय घुमट हे त्यांच्या लेखी कबरीवर असायचे, राहत्या घरावर नव्हे. घरात सर्वात जास्त वेळ बायकांचा जातो, पण त्या पडद्याआड होत्या आणि त्यांच्याशी बोलता आले नाही, हे फतहींनी स्वतःच नमूद केले आहे. गावकऱ्यांना कुणी अडाणी म्हणेल. मी म्हणणार नाही. माझे अब्बाही अडाणी नव्हते.

आपणही काही वेगळे नाही. मुस्लिम वास्तुकला म्हटले की आपण ताजमहाल, गोलघुमट आणि बीबी का मकबरा सांगतो. तिन्ही कबरी! सामान्य माणसाने उन्हाळ्यात राहावे कसे, याचा जो शहाणपणा त्याच संस्कृतीत होता, तो आपल्या अभिमानाच्या यादीत नाही. धड्यातही नाही.

भूकंपाच्या भागात मातीच्या जड भिंती पुन्हा उभारा, असे मी म्हणणार नाही. अब्बांची भीती खरी आहे, खांब आणि तुळया मजबूतच हव्यात. पण समोरासमोर खिडक्या, छतालगत झरोके, पश्चिमेच्या भिंतीला सावली, स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर आणि मध्ये हातभर का होईना उघडे आकाश, यांना भूकंपाची हरकत नाही. आमच्या इंजिनिअरने आणलेल्या नकाशात यातले काहीच नव्हते. मागच्या आठवड्यात तो नकाशा मी अम्मीसमोर पसरला. तिने चष्मा लावला, स्वयंपाकघरावर बोट ठेवले आणि विचारले, "धूर कुठून जाणार?"

नकाशा परत पाठवला आहे.