उघड्या दारांचा वारा

नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या आजोबांना खोली मिळाली ती तिसऱ्या माळ्यावर, गच्चीच्या थेट खाली. चैत्र लागला की रात्री जेवणं उरकली तरी डोक्यावरचं छत गरमच. आजोबा म्हणत, "सूर्य मावळतो, स्लॅब मावळत नाही."

पहिल्या महायुद्धानंतर गिरणगावात माणसांना राहायला जागा उरली नव्हती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झालं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजल्यावर तीन माळे, दर माळ्यावर वीस खोल्या, एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. बांधकाम सिमेंट-काँक्रीटचं. ते भक्कम होतं, शंभर वर्षं टिकलं. पण काँक्रीट दिवसभराचं ऊन साठवतं आणि माणूस अंग टाकतो त्या वेळी परत देतं.

आजोबा गिरणीत साचाखात्यात होते. सूत तुटू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवत. पाळीभर त्या दमटाईत उभं राहून घरी यायचं ते या भट्टीत. रातपाळीवाल्याला तर भर दुपारी झोपावं लागे. आजी खिडकीला ओलं गोणपाट बांधायची, फरशीवर पाणी मारायची. चैत्राच्या तोंडाशी माळ्यावरची चारदोन माणसं वर्गणी काढून गच्चीला चुन्याचा हात देत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा आखला, आणि तिथे पुढे वस्त्यांवरची छपरं पांढरी केली गेली ती हेच ओळखून.

पण खरा उपाय दाराचा होता. बीडीडी चाळीत मधोमध पॅसेज आणि दोन्ही अंगांना खोल्या. खिडकी बाहेरच्या भिंतीला, दार पॅसेजमध्ये. दार लावलं की खोलीतली हवा कोंडलीच. आपलं दार उघडं आणि समोरच्याचंही उघडं, तर पश्चिमेकडून आलेला समुद्रवारा एका खिडकीतून शिरून पॅसेज ओलांडून दुसऱ्या खिडकीतून निघून जाई. म्हणजे आपल्या घरातला गारवा समोरच्या शेजाऱ्यावर अवलंबून. चाळीतल्या शेजारधर्माबद्दल आपण भरभरून बोलतो. त्याच्या मुळाशी वाऱ्याची ही साधी गरजही होती, असं मला ठामपणे वाटतं.

हे सगळं ऐकताना मोठी आत्या एकदाच मधे बोलली. "गच्चीवर झोपायचे पुरुष आणि पोरं. आम्ही कुठं?" बायका खोलीतच झोपत, दारावर पडदा सोडून, संध्याकाळी जिच्यावर स्वयंपाक झाला त्या शेगडीपासून चार हातांवर. तिच्या पाठच्या भावाचा जन्म ऐन मे महिन्यातला. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीही बंद. आजी त्या महिन्याबद्दल कधी काही बोलली नाही, आत्याच सांगायची. चाळीतल्या मोकळ्या झोपेच्या आठवणी लिहिणारे बहुतेक पुरुष आहेत, हे मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

हवेचा विचार सरकारदरबारी होत नव्हता असंही नाही. प्लेगनंतर १८९८ मध्ये आलेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने खोलीत उजेड पोचावा म्हणून समोरच्या इमारतीची उंची आणि अंतर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाने बांधून दिलं होतं. बीडीडीच्या चाळींमध्येही मैदानं सोडलेली आहेत.

आता या चाळी जात आहेत, आणि जायलाच हव्यात. शंभर वर्षं सामाईक संडासापुढे रांग लावलेल्या माणसांनी आणखी थांबावं असं म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. बायकांना बंद दाराआड स्वतःची मोरी, स्वतःची झोप मिळाली. आत्या असती तर तिने पेढे वाटले असते.

मात्र दार बंद झालं की वारा विकत घ्यावा लागतो. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसेक. दीड टनाचा एसी चालू असतो तेव्हा दीड हजार वॅटच्या आसपास. एका एसीच्या विजेत वीस जुने पंखे फिरतात. त्यावर लिफ्ट आणि चाळीस मजले पाणी चढवणारे पंप. ज्यांचं उत्पन्न चाळीतलंच राहिलं, त्यांच्या हाती टॉवरचं वीजबिल येणार. घरांच्या भिंती, छत, खिडक्या यांतून किती उष्णता आत यावी याला केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेने मर्यादा घालून दिली आहे. पुनर्विकासाच्या प्रत्येक नकाशाला ती लावलीच पाहिजे. गरिबाच्या घराला तर आधी.

नायगाव, डिलाईल रोडच्या रहिवाशांना माझी विनंती आहे: ताबा घेण्याआधी फ्लॅटच्या कोणत्या खिडकीतून वारा येतो आणि कुठून जातो ते स्वतः उभं राहून बघा. मुख्य दाराला बाहेरून जाळीचं दार लावून घ्या, एसीच्या आधी. सोसायटीच्या पहिल्याच सभेत गच्चीला पांढरा रंग देण्याचा विषय मांडा. आणि तो मांडताना घरातल्या बायकांना विचारा, रात्री कुठली खोली सर्वात जास्त तापते.