जेकब्स पवनजनित्र

अमेरिकेतील माँटाना राज्याच्या माळरानावर, जिथे विजेच्या तारा पोचल्या नव्हत्या, तिथे मार्सेलस जेकब्स व त्याचा भाऊ ज्यो यांनी १९२० च्या दशकात विकसित केलेले घरगुती पवनजनित्र. पाणी उपसणाऱ्या बहुपाती पवनचक्कीची गती वीजनिर्मितीला अपुरी पडते, हे ओळखून त्यांनी विमानाच्या पंख्यासारखी तीन लाकडी पाती वापरली. वारा वाढला की केंद्रोत्सारी नियंत्रक पात्यांचा कोन बदलून वेग आवरत असे. साऱ्या रचनेत कौतुकाचा भाग हाच. कारण वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. अनेक छोटी यंत्रे मोडतात ती अशाच वाऱ्यात.

३२ व्होल्टची एकदिश वीज शिसे-आम्ल बॅटऱ्यांत साठवून दिवे, रेडिओ चालत. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर तारा शेतांपर्यंत आल्या आणि मागणी ओसरली. १९७० च्या दशकातील तेलटंचाईत उत्साही लोकांनी जुनी यंत्रे शोधून, दुरुस्त करून पुन्हा उभारली. शहरांत मात्र अशा यंत्रांना मर्यादा पडते : इमारतींमुळे वारा मंदावतो, भोवरे घेतो. तिथे यंत्राच्या रचनेपेक्षा मनोऱ्याची उंची अधिक निर्णायक ठरते.