‘पथेर पांचाली’ : पुस्तकांतून पडद्यावर

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही बंगाली कादंबरी १९२९ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. नांवाचा अर्थ वाटेचें गाणें. भिक्षुकीवर कसाबसा प्रपंच चालविणारा हरिहर, संसारानें गांजलेली सर्वजया, दुर्गा व अपू हीं भावंडें आणि आश्रयाला राहिलेली म्हातारी इंदिर ठाकरूण, एवढाच तिचा परिवार. कथानक म्हणावें असें तींत फार थोडें. अशा संथ पुस्तकाचा चित्रपट करावयाचा म्हणजे काय ठेवावें व काय सोडावें, हा प्रश्न बिकटच!

सत्यजित रे यांना त्याचें उत्तर रेखाटनांत सांपडलें. मुलांसाठीं निघालेल्या संक्षिप्त आवृत्तीचीं चित्रें त्यांनींच काढलीं होतीं. पुढें चित्रपटासाठींही रीतसर पटकथा न लिहितां त्यांनीं चित्रांची वहीच तयार केली. कथेचा पसरटपणा त्यांनीं बराचसा राहूं दिला. खेड्यांतील गरिबाचें जिणें तसेंच असतें, असें त्यांचें मत होतें. दोन ठिकाणीं मात्र त्यांनीं धीटपणें हात घातला. कादंबरींत इंदिर ठाकरूण आरंभींच मरते. अपू तेव्हां तान्हा असतो. शिवाय आगगाडी पाहावयास निघालेल्या भावंडांना ती दिसतच नाहीं, आणि दुर्गेची हौस तिच्याबरोबरच जाते. चित्रपटांत म्हातारीचें आयुष्य वाढविलें आहे. मुलें काशफुलांच्या पांढऱ्याशुभ्र रानांतून धांवत जाऊन गाडी गांठतात. परततांना वेळूच्या बनांत म्हातारी बसलेली दिसते, दुर्गा तिला हलवूं जाते, तों ती कोसळते. पहिली आगगाडी व पहिला मृत्यू एकाच दिवशीं! मूळ पुस्तकाचा अभिमानी वाचक म्हणेल, दुर्गेच्या अपुऱ्या इच्छेची हुरहूर यांत गेली. ती सर्वस्वी गेली नाहीं. दुर्गा वाटेंत अडखळून पडते, गाडी जवळून पाहतो तो एकटा अपूच. तरी ही किंमत मोठीच होय.

या काशफुलांच्या दृश्यापासूनच १९५२ च्या ऑक्टोबरांत चित्रणास प्रारंभ झाला. आठवड्यानें मंडळी पुन्हां गेली, तों सारीं फुलें गुरांनीं फस्त केलेलीं! पुढील हंगामापर्यंत थांबणें आलें. विम्यावर कर्ज काढलें, पत्नीचे दागिने गहाण पडले, तरी पैसा पुरेना. अखेर पश्चिम बंगाल सरकारनें मदत दिली. नांवांत ‘पथ’ असल्यामुळें ती रस्तेसुधारणेच्या खातीं पडली म्हणतात. २६ ऑगस्ट १९५५ रोजीं चित्रपट कलकत्त्यांत लागला. विभूतिबाबू १९५० सालींच निवर्तले होते; परवानगी दिली ती त्यांच्या पत्नीनें.