कोंबडी, कोबी आणि महायुद्ध

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या सरकारने कोंबड्यांबाबत दोन धोरणे एकाच वेळी चालवली. व्यावसायिक कुक्कुटपालकांना मिळणारे खाद्य सरकारने कमी करत नेले. १९३९ मध्ये देशात साडेसात कोटींच्या आसपास कोंबड्या होत्या, त्या १९४३ पर्यंत पाच कोटींच्या आसपास उरल्या. आणि याच सरकारने शहरातल्या कुटुंबांना मात्र सांगितले, की घरामागे खुराडे बांधा आणि चार-सहा कोंबड्या पाळा.

ज्यांना हा धंदा येतो त्यांचे पक्षी कमी करायचे आणि ज्यांनी जन्मात कोंबडीला दाणा टाकला नाही अशा कारकुनांना आणि गृहिणींना कोंबड्या पाळायला लावायच्या, हे वरवर पाहता उलटेच वाटते. पण त्यामागे एक साधे गणित होते. ते समजून घ्यायला भूगोल, जीवशास्त्र आणि इतिहास हे तिन्ही लागतात, म्हणून ते इथे जरा सविस्तर मांडत आहोत.

आधी भूगोल. ब्रिटन हा बेटांचा देश. युद्धापूर्वी तो दरवर्षी सुमारे दोन कोटी टन अन्न बाहेरून आणत असे. गहू, लोणी, मांस, साखर यांबरोबरच जनावरांचे आणि कोंबड्यांचे खाद्यही जहाजांनीच येई. युद्ध सुरू होताच जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात ही जहाजे बुडवू लागल्या. त्यामुळे एका टनाच्या जागेत काय आणायचे, हा प्रश्न सरकारपुढे रोज उभा राहू लागला. दारूगोळा की गहू? गहू आणला तर माणसांसाठी की कोंबड्यांसाठी?

आता गणित. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला ४० किलो. हे सगळे धान्यच आहे असे धरले, तर त्यातून सुमारे १,३५,००० कॅलरी (आहारशास्त्रात म्हणतात त्या, म्हणजे किलोकॅलरी) मिळतात. त्या काळची चांगली कोंबडी वर्षाला १५० अंडी देते असे धरू. एका अंड्यात ७५ कॅलरी, म्हणजे वर्षाच्या ११,२५०. माणसाला दिवसाला २,४०० कॅलरी लागतात असे मानले, तर ते धान्य थेट खाऊन एक माणूस ५६ दिवस काढू शकेल, आणि तेच कोंबडीला घालून मिळालेल्या अंड्यांवर पाच दिवससुद्धा नाही. प्रथिनांचा हिशोब एवढा वाईट नाही. चाळीस किलो धान्यात चार किलो प्रथिने असतात आणि दीडशे अंड्यांत सुमारे एक किलो. शिवाय अंड्यातली प्रथिने गव्हातल्या प्रथिनांपेक्षा सरस. तरीही तीन हिस्से वाया गेलेच. विद्यार्थ्यांकडून हे आकडे बदलून पुन्हा करून घ्यावेत. अंडी दोनशे धरली तरी निष्कर्ष फारसा हलत नाही.

म्हणजे जहाजातून आलेल्या धान्यावर पोसलेली कोंबडी ही माणसाच्या ताटातली वाटेकरी होती. पण तीच कोंबडी बटाट्याची साले, कोबीची बाहेरची पाने, शिळा पाव, ताटातले उष्टे आणि परसातले किडे खात असेल तर? मग हिशोबाची डावी बाजूच नाहीशी होते, कारण यातले काहीच माणूस खाणार नव्हता आणि यासाठी जहाजही लागत नव्हते. शिवाय उष्टे-खरकटे प्रत्येक घरात थोडे थोडे निघते. ते हजार कोंबड्यांच्या फार्मवर गोळा करून नेण्यापेक्षा कोंबड्याच घरोघर वाटणे सोपे. कोडे सुटले ते इथे.

मात्र नुसत्या सालांवर कोंबडी अंडी देत नाही. तिला प्रथिने हवीत आणि टरफलासाठी कॅल्शियम हवे. त्यासाठी सरकारने एक युक्ती काढली. जून १९४१ पासून अंड्यांचे नियंत्रित वाटप सुरू झाले होते. माणशी आठवड्याला एक अंडे, तेही दुकानात आले तर. ज्या कुटुंबाला कोंबड्या पाळायच्या असतील त्याने अंड्यांवरचा हा हक्क सोडून द्यायचा आणि बदल्यात ‘बॅलन्सर मील’ नावाचे पूरक पीठ घ्यायचे. सालांमध्ये जे कमी पडते ते या पिठाने भरून काढायचे. शेजारीही आपला हक्क कोंबडीवाल्याच्या नावावर करून देत आणि त्याच्याकडून अंडी घेत. कोंबडी खुडूक बसली किंवा पिसे झडून अंडी बंद झाली, तर सगळ्यांचीच पंचाईत!

साले तशीच घालून चालत नसत. कच्च्या बटाट्याचा स्टार्च कोंबडीला नीट पचत नाही, म्हणून ती उकडून, कुस्करून, त्यात हे पीठ कालवून घालत. या रांधणाचा वास घरभर पसरे, अशी तक्रार त्या काळच्या आठवणींत हटकून भेटते. लंडनच्या टॉटनम भागात तर नगरपालिकाच घरोघरचे खरकटे गोळा करून मोठ्या प्रमाणावर शिजवू लागली. डुकरांना आणि कोंबड्यांना घातल्या जाणाऱ्या त्या लगद्याला ‘टॉटनम पुडिंग’ असे नाव पडले. शिजवण्यामागे पचनाखेरीज दुसरेही कारण होते. खरकट्यातल्या मांसाच्या तुकड्यांतून जनावरांचे रोग पसरतात. हा मुद्दा लक्षात ठेवावा, तो पुढे येणार आहे.

कोंबड्यांच्या बरोबरीने भाजीपाला होताच. १९३९ च्या ऑक्टोबरात सरकारने घरोघरी भाजी पिकवण्याची मोहीम सुरू केली. ‘डिग फॉर व्हिक्टरी’, म्हणजे विजयासाठी खणा, ही तिची घोषणा. ब्रिटनमध्ये शहरातल्या लोकांना भाडेपट्ट्याने भाजीचे तुकडे देण्याची पद्धत जुनी आहे. असा एक तुकडा साधारण ९० फूट लांब आणि ३० फूट रुंद, म्हणजे आपल्याकडचे अडीच गुंठे. १९३९ मध्ये असे ८ लाख १५ हजार तुकडे होते, ते १९४३ मध्ये १४ लाख झाले. लंडनच्या टॉवरभोवतीच्या खंदकातही भाजी लावली होती. सरकारी पत्रकांत अडीच गुंठ्यांचा आराखडाच छापून दिलेला असे. तीन भाग करायचे आणि बटाटा, कोबीवर्गीय भाज्या आणि उरलेली पिके दरवर्षी फिरवत न्यायची. एकाच जागी तेच पीक घेतले की त्याचे रोगजंतू मातीत साठतात, हे त्यामागचे कारण. बीबीसी रेडिओवर सी. एच. मिडल्टन हे गृहस्थ दर आठवड्याला बागकामावर बोलत आणि त्यांना लाखो श्रोते होते. कोंबड्यांची विष्ठा नत्राने समृद्ध असते. ती कुजवून कोबीला घालायची, कोबीची जून पाने कोंबड्यांना घालायची. आपल्या कोकणातल्या किंवा मावळातल्या आजीला यात काही नवल वाटले नसते.

शहरातल्या अनेक भाडेकरारांत कोंबड्या पाळायला मनाई असे. युद्धकाळात ही बंधने बाजूला सारली गेली आणि पुढे १९५० च्या कायद्याने ब्रिटनमधल्या भाडेकरूला कोंबड्या आणि ससे पाळण्याचा हक्क कायमचा मिळाला. पण कोंबड्याचा, म्हणजे नराचा, त्यात समावेश नाही. पहाटेच्या बांगेमुळे शेजाऱ्यांची झोप मोडते. आणि अंड्यांसाठी त्याची गरजही नसते. कोंबडी नराशिवाय अंडी घालतेच, फक्त ती फलित नसतात आणि उबवून पिल्ले निघत नाहीत. शाळेत हा प्रश्न विचारून पाहा. निम्म्याहून अधिक मुले चुकतात, असा आमचा अनुभव आहे.

परसातल्या अंड्यांची मोठी अडचण हंगामाची होती. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस आठ तासांहूनही लहान असतो. पूर्ण भरात अंडी द्यायला कोंबडीला साधारण चौदा तासांचा उजेड लागतो. हा उजेड केवळ डोळ्यांतून काम करतो असे नाही. फ्रान्समधल्या झाक बन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवले, की प्रकाश कवटीतून थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या भागावर परिणाम करतो. तिथून पियुषिका ग्रंथीला इशारा जातो आणि अंडाशय जागे होते. आपल्याकडे पुण्यात सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो, म्हणून हा फरक इतका जाणवत नाही. तिकडे मात्र वसंतात अंडीच अंडी आणि हिवाळ्यात खुराडे रिकामे.

त्यावर रसायनशास्त्राचा उपाय होता. बादलीत सोडियम सिलिकेटचे पाणी, म्हणजे ‘वॉटर ग्लास’, करायचे आणि त्यात ताजी, न धुतलेली अंडी बुडवून ठेवायची. अंड्याच्या टरफलाला हजारो बारीक छिद्रे असतात. सिलिकेटची टरफलातल्या कॅल्शियमशी क्रिया होऊन ती बुजतात, मग आतला ओलावा बाहेर जात नाही आणि जंतू आत शिरत नाहीत. अशी अंडी कित्येक महिने टिकत. ती उकडण्यापूर्वी मात्र सुईने एक भोक पाडावे लागे, नाहीतर आतली हवा बाहेर पडायला वाट न मिळून अंडे फुटे. ज्यांच्याकडे कोंबड्या नव्हत्या त्यांना १९४२ पासून अमेरिकेहून आलेली अंड्याची पूड मिळू लागली. पाच औंसांचा (१४० ग्रॅम) डबा म्हणजे बारा अंडी. अंड्याच्या आतल्या भागात तीन चतुर्थांश पाणी असते, ते जहाजातून कशाला आणायचे? पन्नास ग्रॅमची बारा अंडी, त्यातला पाव हिस्सा, म्हणजे १५० ग्रॅम. डब्यावरचा आकडा आणि आपला हिशोब जवळपास जुळतो.

एवढ्या कमी अंड्यांवर आणि मांसावर माणसे तग धरतील का, याची चाचणी केंब्रिजच्या रॉबर्ट मॅकान्स आणि एल्सी विडोसन यांनी स्वतःवरच घेतली. ते आणि त्यांचे काही सहकारी तीन महिने आठवड्याला एक अंडे, अगदी थोडे दूध आणि मांस यांवर राहिले. पाव, बटाटे आणि भाजी मात्र हवी तितकी. त्यानंतर ते डोंगराळ भागात गेले आणि पाठीवर ओझे घेऊन दिवसभर चढ-उतार करू लागले. सगळे ठणठणीत राहिले. तक्रार एकच, पोटात वायू फार धरतो. कॅल्शियमची उणीव मात्र दिसली, आणि म्हणून पिठात खडूची पूड मिसळण्याचे ठरले. ब्रिटनमध्ये पांढऱ्या पिठात आजही कॅल्शियम घालावे लागते.

जहाजांचा हा हिशोब इथेच थांबवला तर तो अर्धाच राहील. ब्रिटनला येणारा माल कमी पडू नये म्हणून जानेवारी १९४३ मध्ये चर्चिल यांनी हिंदी महासागरातल्या जहाजांच्या फेऱ्यांत मोठी कपात केली. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि २० ते ३० लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. भूमिहीन मजूर आणि मासेमार आधी गेले. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की तांदूळ नाहीसा झाला म्हणून नव्हे, तर भाव मजुरीच्या पलीकडे गेले म्हणून ही माणसे उपाशी राहिली. पीक नेमके किती घटले यावर अभ्यासकांत वाद आहे. पण बाहेरून धान्य आणायला पुरेशी जहाजे दिली नाहीत, हे नाकारता येत नाही. ‘अधिक धान्य पिकवा’ अशी मोहीम भारतातही १९४२ पासून होती, आणि मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले, त्याने शहर तरले. बंगालच्या खेड्यात रेशन नव्हते. इंग्रज गृहिणीची कोंबडी जगली, कारण तिच्या ताटाला रेशनचा आधार होता आणि म्हणून त्यात काही उरत होते. जिथे ताटातच काही नाही, तिथे कोंबडीपुढे टाकायला सालेही नसतात.

ब्रिटनमध्ये युद्धाच्या अखेरीस ताज्या अंड्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश परसातून येत होती, असा आकडा नेहमी दिला जातो. परसातल्या कोंबड्यांची शिरगणती कोणी नेमकी केली नव्हती, तेव्हा तो अंदाजच समजावा. युद्धकाळात तिथला बालमृत्युदर घटला हे खरे, पण त्याचे श्रेय एकट्या परसबागेला देणे आम्हाला पटत नाही. मुलांना आणि गरोदर बायांना प्राधान्याने दिलेले दूध आणि सर्वांना सारखा शिधा यांचा वाटा त्यात मोठा असावा.

१९५३ मध्ये अंड्यांवरचे नियंत्रण उठले आणि खाद्यही मोकळे झाले. स्वस्त मका आला, पिंजऱ्यांतल्या कोंबड्या आल्या आणि परसातली खुराडी ओस पडली. आजची संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते आणि तेवढ्याच खाद्यात देते, म्हणून आपले वरचे गणित तिच्या बाबतीत पुष्कळ सुधारते. पण ती खाते तो मका आणि सोयाबीन शेतातूनच येतो. आपल्या वाडीवस्तीवरची गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, पण दिवसभर उकिरडा उकरून स्वतःचे पोट स्वतः भरते. कोणती चांगली, याचे उत्तर फक्त अंडी मोजून मिळणार नाही.

ब्रिटनमधल्या खरकट्याची गोष्ट अजून राहिली. २००१ मध्ये तिथे लाळ्या-खुरकत रोगाची मोठी साथ आली. न शिजवलेले खरकटे डुकरांना घातल्याने ती सुरू झाली असे निष्पन्न झाले, आणि सरकारने खरकटे घालण्यावरच बंदी आणली. ती परसातल्या कोंबड्यांनाही लागू आहे. ज्या स्वयंपाकघरात मांस, दूध, अंडे काहीच शिरत नाही तिथलीच साले कोंबडीला घालता येतात. पुढे बर्ड फ्लूच्या साथी येऊ लागल्या, आणि ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये परसात एक कोंबडी पाळायची असली तरी तिची सरकारदरबारी नोंद करावी लागते.